फॅट किती लागली?

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही बऱ्यापैकी गावात सकाळी सहा-साडेसहाला दूध संकलन केंद्रासमोर जाऊन उभे राहावे. मोटारसायकलींना किटल्या अडकवून माणसे येत असतात, डोईवर पदर घेतलेल्या बायका चरव्या सावरीत रांगेत उभ्या असतात, आणि राम राम झाल्याबरोबर जो तो शेजारच्याला एकच प्रश्न विचारतो, "फॅट किती लागली?" तिकडे प्रकृतीची चौकशीसुद्धा यानंतर होते. चारच्या खाली लागली तर चेहरा उतरतो. म्हशीवाल्याची सात लागली तर तो ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवतो आणि चहा सांगतो. या एका आकड्यावर महिन्याचा किराणा, मुलाची फी आणि पेंडीची उधारी अवलंबून असते.

हा आकडा मोजण्याची युक्ती निक्लाउस गेर्बर नावाच्या एका स्विस गृहस्थाने १८९१ च्या सुमारास रूढ केली. काचेच्या जाड नळीत गंधकाम्ल, दूध आणि थोडे अमिल अल्कोहोल घालायचे, नळी चक्रात घालून गरगर फिरवायची. अम्लाने बाकीचे सारे विरघळते आणि पिवळसर चरबी तेवढी वर येऊन नळीच्या अरुंद मानेत बसते. मानेवर आकडे कोरलेले असतातच. आता ते काम विजेचे यंत्र मिनिटभरात करते. पण यंत्र नवे असो की जुने, ते सांगते ती चरबी किती आहे एवढेच. ती कसली आहे, हे गेर्बरच्या नळीने विचारले नाही आणि आपल्या दूधसंघांनीही विचारले नाही. पाचला पाचाचा भाव, साडेचारला साडेचाराचा.

"कसली?" हा प्रश्न आला तो शहरातून. माझी एक भाची पुण्यात असते. यजमानांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, डॉक्टरांनी खाण्यावर लक्ष ठेवावयास सांगितले, आणि तेव्हापासून त्या घरात साजूक तुपाची बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तिच्या जागी फ्रीजमध्ये परदेशी चीजचे तुकडे येऊ लागले. कोणी तरी तिला सांगितले होते की बकरीच्या दुधाचे, आणि तेही वर्ष-दोन वर्षे मुरवलेले चीज असले, तर त्यातली चरबी हृदयाला हितकर असते. किंमत पाहून मात्र तिचे मन धजेना. तिने मला विचारले, "मामा, तुमच्याकडची ती उस्मानाबादी शेळी एवढी नावाजलेली. तिच्या दुधाचं चीज तिकडे मिळत असेल ना? स्वस्त पडेल."

प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नव्हते. पहिली गोष्ट अशी की धाराशिवात चीज होत नाही. २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव सरकारी दप्तरात धाराशिव झाले. शेळीचे नाव मात्र उस्मानाबादीच राहिले आहे, आणि ती शेळी मुख्यतः मटणासाठी पाळली जाते. बहुधा काळीभोर, चिवट, जुळी करडे देणारी. दूध दिवसाला अर्धा लिटर, फार तर लिटर-दीड लिटर, आणि त्यावर पहिला हक्क करडांचा. या जिल्ह्यात दुधाचे जे होते तो खवा. भूम, वाशी, परांडा, कळंब या बालाघाटच्या कुशीतल्या तालुक्यांत खव्याच्या भट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या पेटत आल्या आहेत. सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सरमकुंडी फाट्याला गाडी थांबवून पेढे घेतले नाहीत असा प्रवासी विरळा. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला तो याच डोंगरावर. तेथे येणाऱ्या यात्रेकरूंनीच पेढ्याची कीर्ती दूरवर नेली असावी. २०२३ च्या अखेरीस कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

चीज आणि खवा ही तशी चुलत भावंडे. दूध टिकत नाही, हे दोघांच्याही जन्माचे कारण. युरोपातल्या गवळ्याने दूध वासराच्या कोठ्यातल्या विरजणाने फाडले, पाणी निथळवले, मीठ लावले आणि थंड तळघरात ठेवून दिले. आपल्याकडे दूध नासणे हा अपशकुन, वासराच्या कोठ्याची गोष्ट तर बोलावयासच नको, आणि थंड तळघर बालाघाटावर आणायचे कोठून? तेव्हा आपण दुधाखाली जाळ घातला आणि पाणी आटवून टाकले. ऐतिहासिक गंमत म्हणून सांगतो: याच जिल्ह्यातील तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तान्तात तगरचे कापड गाड्यांतून भडोचला जाऊन तेथून पश्चिमेकडे रवाना होई, असे लिहिले आहे. ज्या रोमन लोकांच्या अंगावर ते कापड गेले ते पट्टीचे चीज खाणारे होते. परंतु व्यापाराच्या त्या वाटेने त्यांची भांडी इकडे आली, चीज काही आले नाही.

आता भाचीच्या प्रश्नाचे दोन भाग पाडू. जनावराने फरक पडतो का? आणि मुरवल्याने फरक पडतो का?

दुधातल्या चरबीचे शंभर भाग केले तर साधारण पासष्ट-सत्तर भाग संपृक्त चरबीचे निघतात, म्हणजे जी थंडीत गोठते आणि जिच्यावर हृदयरोगतज्ज्ञांचा रोष असतो ती. पंचवीस-तीस भाग ओलेइक अम्लाचे व त्याच्या भावंडांचे. शेंगदाण्याच्या आणि ऑलिव्हच्या तेलाची ज्यासाठी वाखाणणी होते तेच हे. उरलेले तीन-चार भाग बहुअसंपृक्त; ओमेगा-तीन वगैरे नावे आपण हल्ली बाटल्यांवर वाचतो ती यांतली. गाय असो, म्हैस असो, बकरी असो, हा मोठा हिशेब फारसा हलत नाही. म्हशीच्या दुधात चरबी सहा ते आठ टक्के, गाईच्या व बकरीच्या साडेतीन-चारच्या आसपास. पण ती "किती"ची गोष्ट झाली.

मौज अशी की जनावर खाते त्या हिरव्या गवतातली चरबी नेमकी उलटी असते. थोडीशीच, पण बहुतांशी असंपृक्त. मग पोटात गेल्यावर होते काय? रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक प्रचंड आंबवण्याची घागर. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जंतू राहतात. असंपृक्त चरबी त्या जंतूंना मानवत नाही, म्हणून ते तिला हायड्रोजन जोडून संपृक्त करून टाकतात. कारखान्यात तेलापासून वनस्पती तूप करतात तोच हा उद्योग, पण गाईच्या पोटात. सुदैवाने जंतूंच्या हातून काही काम अर्धवट सुटते. या अर्धवट राहिलेल्या मालातून जनावराच्या कासेत एक निराळे अम्ल तयार होते, त्याला संयुग्म लिनोलेइक अम्ल म्हणतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल पारिझा यांच्या प्रयोगशाळेने १९८७ साली हे अम्ल ओळखून काढले आणि उंदरांतल्या अर्बुदाला ते आवर घालते असे दाखवले. तेव्हापासून त्याचा बराच बोलबाला झाला. मात्र उंदराला दिले ते प्रमाण आणि आपल्या ताटात येते ते प्रमाण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माणसाला चीजमधून किंवा तुपातून मिळणाऱ्या चिमूटभराने काही चमत्कार होतो, असे सिद्ध झालेले नाही. हे सांगणे भाग आहे, कारण विक्रेते ते सांगत नाहीत.

बकरीचे म्हणाल तर तिच्यात एक खरे वैशिष्ट्य आहे. काप्रोइक, काप्रिलिक आणि काप्रिक अशी तीन लहान साखळीची अम्ले असतात. तिघांचेही नाव "काप्रा", म्हणजे लॅटिनमधल्या बकरीवरूनच पडले. बकरीच्या चरबीत तिघे मिळून सुमारे पंधरा टक्के भरतात, गाईच्या चरबीत त्याच्या साधारण निम्मे. लहान असल्यामुळे ही अम्ले आतड्यातून थेट यकृताकडे जातात आणि लवकर खर्ची पडतात. बकरीच्या दुधातले चरबीचे कणही बारीक असतात, त्यामुळे तापवलेल्या दुधावर साय जाड येत नाही. आजीबाई जे म्हणत की शेळीचे दूध पचायला हलके, त्याला इतका आधार आहे. गांधीजींनी दुधाचे व्रत घेतले असता १९१९ साली आजारपणात कस्तुरबांनी "व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे, बकरीचे नव्हे" अशी वाट काढून दिली, ती कथा सर्वश्रुत आहे. पण हलके म्हणजे हृदयाला हितकर असा अर्थ नाही. कोलेस्टेरॉल वाढवणारी जी मुख्य तीन अम्ले, लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक, ती बकरीतही आहेतच. आणि एक इशारा घरातल्या बायकांसाठी: शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असते. तान्ह्या बाळाला केवळ त्यावर वाढवले तर पंडुरोग होतो, हे जर्मनीतल्या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे. आजीबाईंचे सगळेच ऐकू नये.

जनावराच्या जातीपेक्षा जनावराच्या तोंडासमोर काय आहे, याने चरबी अधिक बदलते. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो समजावा तर धाराशिवातच समजावा. आषाढापासून कार्तिकापर्यंत बांधावर, गायरानावर हिरवे असते. त्या दिवसांत दुधात ओमेगा-तीन वाढते, ते संयुग्म अम्ल वाढते, गाईच्या लोण्याला गडद पिवळा रंग चढतो. म्हशीचे आणि शेळीचे लोणी मात्र तेव्हाही पांढरेच, कारण गवतातल्या पिवळ्या द्रव्याचे त्या पुरते अ जीवनसत्त्व करून टाकतात. दिवाळीच्या पेढ्याची चव चांगली लागते त्याचे थोडे श्रेय या गवतालाही आहे. फाल्गुन लागला की कडबा. वाळताना गवतातले पिवळे द्रव्य जाते आणि त्या नाजूक चरबीचाही मोठा भाग जातो. चैत्र-वैशाखात कडबाही सरला की उसाचे वाढे. आणि पाऊसच नाही झाला, तर मग चारा छावणी. २०१२-१३ साली आणि पुन्हा २०१८-१९ साली या भागातली गुरे कित्येक महिने छावण्यांच्या मांडवाखाली वाढे चघळीत उभी होती. त्या वर्षीही केंद्रावर फॅट लागत होती, भावही मिळत होता; चरबी मात्र दुष्काळाची होती. शेळ्या अशा वेळी वरचढ ठरतात. कोठे बोरीचा पाला, कोठे बाभळीच्या शेंगा, मागच्या दोन पायांवर उभ्या राहून ओरबाडतात आणि हिरवे काही ना काही पोटात घालतात.

स्वित्झर्लंडमध्ये हीच गोष्ट २००४ साली शास्त्रशुद्ध रीतीने मोजली गेली. आल्प्सच्या उंच कुरणांवर चरणाऱ्या गाईंच्या चीजमध्ये ओमेगा-तीन बाजारच्या इंग्लिश चेडरपेक्षा कितीतरी अधिक निघाले. गाय ती गायच, फरक कुरणाचा.

याचा एक आपल्याकडचा दाखला तर असा आहे की त्यावर नाटक लिहावे. तूप शुद्ध की भेसळीचे हे ओळखण्यासाठी रायशेर्ट-माइसल नावाची जुनी परीक्षा आहे. तुपातून उडून जाणारी लहान अम्ले ऊर्ध्वपातनाने वेगळी काढून मोजतात. वनस्पती तेलात ती नसतात, म्हणून आकडा खाली आला की भेसळ. आता गंमत पाहा. कापूस पिकणाऱ्या मुलखात गुरांना सरकी भरपूर घालतात, आणि सरकी खाणाऱ्या म्हशीच्या अगदी निर्भेळ तुपाचाही हा आकडा खाली येतो! म्हणजे घरची म्हैस, घरचे विरजण, घरची रवी, आणि प्रयोगशाळेत मालक चोर. अखेर अन्नभेसळीच्या नियमांत कापसाच्या पट्ट्यासाठी निराळा, खालचा आकडा ठेवावा लागला. म्हशीने काय खाल्ले हे कायद्यालाही विचारात घ्यावे लागले ते असे.

आता मुरवण्याकडे वळू. चरबीचा एकेक रेणू म्हणजे तीन अम्ले एका ग्लिसरॉलला ओवलेली. तुळजापूरच्या भवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते तिची आठवण व्हावी. ही माळ फक्त तीन कवड्यांची. चीज मुरू लागले की त्यातली पाचके आणि जंतू या माळा हळूहळू तोडतात. सुट्या झालेल्या कवड्या, म्हणजे मोकळी अम्ले, जिभेला झोंबतात, नाकाला जाणवतात, आणि जुन्या चीजला तो उग्र वास व तिखटपणा येतो. चेडरमध्ये हे थोडे होते, इटलीच्या काही झणझणीत चीजमध्ये अधिक, आणि रोकफोरसारख्या निळ्या बुरशीच्या चीजमध्ये फार. परंतु माळ तोडली तरी कवडी ती कवडीच. संपृक्त अम्ल सुटे झाले म्हणून असंपृक्त होत नाही. ओमेगा-तीन दुधात नव्हते ते तळघरात कोठून येणार? ते संयुग्म अम्लसुद्धा दुधात जितके होते तितकेच, थोडे इकडेतिकडे, दोन वर्षांनंतरच्या चीजमध्ये सापडते. उलट पाणी उडून गेल्यामुळे त्याच वजनाच्या तुकड्यात चरबीही जास्त आणि मीठही जास्त. तीस ग्रॅम चेडरमध्ये सुमारे दहा ग्रॅम चरबी असते, त्यातली सहा संपृक्त.

मग मुरवण्याचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण तो चरबीबाहेरचा. दुधातली साखर पहिल्या काही आठवड्यांतच जंतू खाऊन टाकतात, म्हणून ज्यांना दूध बाधते त्यांना जुने चीज बहुधा बाधत नाही. प्रथिने तुटून पचायला सोपी होतात. काही जंतू के जीवनसत्त्वाचा एक प्रकार करतात. आणि एक गोष्ट अशी की चीजमधली चरबी लोण्यातल्या तितक्याच चरबीएवढी रक्तात उमटत नाही. डेन्मार्कमध्ये २०११ साली काही माणसांना सहा आठवडे चीज आणि सहा आठवडे तितक्याच चरबीचे लोणी देऊन पाहिले, तेव्हा चीजच्या वेळी वाईट कोलेस्टेरॉल कमी भरले. चीजमधल्या कॅल्शियमशी काही चरबी बांधली जाऊन साबणासारखी बाहेर पडते, हे त्याचे एक कारण मानतात. चीज लोण्यापेक्षा बरे, इतकेच याने सिद्ध होते, औषध नव्हे.

आपल्या भाचीच्या फ्रीजमधल्या चौकोनी वड्यांची मात्र निराळीच कथा. ते प्रक्रिया केलेले चीज. तयार चीज वितळवून त्यात क्षार घालून पुन्हा थिजवलेले. हा शोध १९११ साली लागला तोही स्वित्झर्लंडमध्येच, आणि शोध लावणाऱ्या दोघांपैकी एकाचे आडनावही गेर्बर! दुधाच्या इतिहासात गेर्बरांनी अगदी उच्छाद मांडला आहे. इटलीच्या अस्सल पार्मेसानबद्दल एवढेच सांगतो की त्यात वासराच्या कोठ्यातले विरजण नियमानेच वापरतात. भाचीच्या सासूबाई माळकरी आहेत. भारतात होणाऱ्या बहुतेक चीजमध्ये जंतूंपासून केलेले विरजण घालतात, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही.

खव्याची गोष्ट पाहावी म्हणून मी भूम तालुक्यातल्या एका भट्टीवर तासभर बसलो. मोठी लोखंडी कढई, खाली धडाडता जाळ, आणि लांब दांड्याच्या उलथण्याने दूध एकसारखे ढवळणारे मध्यम वयाचे गृहस्थ. हात थांबला की खालून लागते, म्हणून बोलणेसुद्धा त्या हाताच्या तालावर. मी विचारले, "गाईचं दूध की म्हशीचं?"

"दोन्ही येतं. पर खवा म्हशीचाच. पाच लिटरला किलोच्या वर उतरतो. गाईच्याला किलो भरत न्हाई, आन्‌ चिकट हुतो. जरा खारटबी लागतो."

पुस्तकातही अगदी हेच लिहिले आहे: म्हशीच्या दुधाचा खवा शेकडा एकवीस-तेवीस, गाईचा सतरा-एकोणीस, रंगाने पिवळट, चवीला किंचित खारट. त्यांना मात्र ते पुस्तकाने नव्हे, तर कढईने शिकवले होते. पेढ्यासाठी घट्ट पिंडी खवा, गुलाबजामसाठी ओलसर धाप, कलाकंदासाठी दाणेदार. खाली उतरवल्यावर त्यांनी बोटांत गोळी वळून दाखवली. बोटांना तूप लागले. "हे सुटलं पायजे. न्हाई सुटलं तर समजा काय तरी घातलंय."

ही बोटांची परीक्षा दिवाळीच्या दिवसांत शहरात कोणी करीत नाही, आणि खरा घोटाळा तेथेच आहे. खव्यात दुधाची चरबी जशीच्या तशी उतरते. मुरत नाही, माळा तुटत नाहीत, साखरही राहते. म्हणून ज्याला दूध बाधते त्याला खवाही बाधतो. कोरड्या भागाच्या निदान तीस टक्के दुधाची चरबी खव्यात असली पाहिजे, असा कायदा आहे. पण मागणी वाढली की कोठे तरी साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि वनस्पती तूप एकत्र मळून खव्याच्या नावाने विकले जाते. तेथे चरबी कसली, हा प्रश्न खरोखर जिवाचा होतो. जुन्या पद्धतीच्या वनस्पतीत कारखान्यात बनलेली ट्रान्स चरबी असे, ती हृदयाला सर्वांत घातक ठरली. २०२२ च्या जानेवारीपासून भारतात तेला-तुपातील या चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही मोठी गोष्ट झाली. तरी फसवणूक ती फसवणूक. पिष्ट घातले असेल तर उकळून थंड केलेल्या खव्यावर आयोडीनचा थेंब टाकताच निळा रंग येतो; वनस्पती घातल्याचे घरी ओळखणे कठीण. विश्वासाचा दुकानदार, नाही तर सरळ भट्टी.

भाचीला मी जे लिहिले ते असे. यजमानांसाठी बकरीचे महागडे जुने चीज आणण्याचे कारण नाही. चीज आवडत असेल तर लोण्याऐवजी, पोळीवरच्या तुपाऐवजी, आगपेटीएवढा तुकडा खावा. त्याच्या जोडीला नको. वेष्टनावर "वनस्पती चरबी" हे शब्द दिसले तर ते चीज नव्हेच, परत ठेवावे. दिवाळीला खऱ्या खव्याचे दोन पेढे खाण्याने काही बिघडत नाही. पेढ्यात चरबीइतकीच साखर मोजावी. आणि चांगली चरबीच हवी असेल तर ती शेंगदाण्यात, जवसाच्या चटणीत, कारळात स्वस्त पडून आहे. जवसात ओमेगा-तीन इतके असते की दुधाने त्याच्याशी स्पर्धाच करू नये. धाराशिवात भाकरीबरोबर ती चटणी आजही घरोघरी असते. तिचे उत्तर आले, "मामा, म्हणजे चीज सोडून जवस?" मी लिहिले, होय. ती थोडी हिरमुसली असावी.

पण भट्टीवरचा तास तेवढ्यावर संपला नव्हता. त्या गृहस्थांच्या मंडळी दूध घालायला आलेल्या एका बाईशी बोलत बसल्या होत्या. दोन गाई, एक म्हैस, तीन शेळ्या असलेले घर. मी विचारले, "घरी मुलांना दूध किती ठेवता?"

बाई हसल्या. "गाईचं केंद्रावर, म्हशीचं हितं भट्टीवर. चहापुरतं ठिवतो की. धाकटं आजारी पडलं तवा शेळीचं दिलं हुतं वाटीभर. यरवी करडं पितात. करडू तयार झालं की बाजारात पैसा हुतो."

हिशेब चोख होता. कठीण चीजच्या एका किलोला दहा लिटर दूध लागते. तीन शेळ्यांचे सगळे दूध काढून, करडांना उपाशी ठेवून, तीन-चार दिवसांनी एक किलो व्हायचे. करडू पोसून विकलेले परवडते. भाचीला हवे होते ते स्वस्त चीज या अंगणात निघणे शक्य नव्हते, आणि निघाले असते तरी बाईंच्या धाकट्याची वाटी त्यात गेली असती. पुण्यातल्या जेवणघरात चरबी कसली याचा काथ्याकूट चालतो, आणि जिथे ती चरबी हिरव्या बांधावर तयार होते तिथल्या पोरांच्या पोटात ती चहातल्या दोन चमच्यांएवढी जाते. याला जबाबदार कोण, हे मला एका वाक्यात सांगता येणार नाही. दुधाचा भाव, पेंडीचा भाव आणि बाजारचा दिवस यांच्या मध्ये कोठे तरी ते उत्तर आहे.

ढवळता ढवळता भट्टीवाल्यांनी विचारले, "तुमी म्हंता ते जुनं चीज किती दिस ठिवत्यात?"

"एक वर्ष तरी. चांगलं म्हणजे दोन वर्षं. एकेक चाक चाळीस किलोचं, पाचशेहून जास्त लिटर दुधाचं."

उलथणे क्षणभर थांबले. "आन्‌ दोन वर्सं त्येच्या घरचं कसं चालतं?"

मी सांगितले की इटलीत एक बँक आहे. १९५३ सालापासून ती चीजची चाके तारण म्हणून ठेवून घेते, आपल्या कोठारात मुरवते, आणि त्यावर गवळ्यांना कर्ज देते. खरी गोष्ट आहे. कोठारात लाखो चाके फळ्यांवर रचलेली असतात.

त्यांनी कढई खाली उतरवली, खव्याचा गोळा एका बाजूला ओढून घेतला आणि कपाळावरचा घाम उपरण्याने पुसला.

"आमच्याकडं म्हशीवर कर्ज देत्यात," ते म्हणाले. "दुधावर कोन देतंय? उद्या सांच्यापातुर ह्यो इकला न्हाई तर परवा आंबतो." आणि शेजारच्या पोऱ्याला हाक मारून त्यांनी पुढच्या घाण्याचे दूध ओतावयास सांगितले.